समुद्राच्या तळची कौले

दिवाळी झाली, भात घरात आले, की आमच्याकडे चार दिवस हात मोकळे असतात. एका वर्षी आम्ही दोघांनी ठरवले, गोव्याचा समुद्र पाहून यावा. कोल्हापूरहून एस.टी.ने आंबोली घाट उतरलो आणि दुसऱ्या दिवशी पणजीजवळच्या दोनापावलाला जाऊन उभे राहिलो. एका अंगाला मांडवीचे मुख, दुसऱ्या अंगाला झुवारीचे आणि समोर मुरगावचे डोंगरटोक. पाणी इतके शांत, की इथे कधी काही बुडाले असेल असे मनातही येऊ नये.

धक्क्यावर एक म्हातारा जाळे विणत बसला होता. त्याला सहज विचारले, "मामा, इथं मासळी चांगली मिळते का?"

तो म्हणाला, "मिळते, पण सगळीकडे जाळं टाकता येत नाही. खाली खडक आहेत. कुठं कुठं फुटलेली गलबतंही आहेत. तिथं जाळं अडकलं की फाटूनच वर येतं."

वाचकहो, बुडालेल्या जहाजांचा शोध पुष्कळदा अशाच माणसांच्या बोलण्यापासून सुरू होतो. कोणत्या बांधाखाली पाषाण लागतो हे जसे नांगऱ्याला ठाऊक, तसे कुठे जाळे अडते हे कोळ्याला ठाऊक.

दोनापावलालाच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. पाण्याखालच्या पुरातत्त्वाचे काम तिथे १९८१ साली डॉ. एस. आर. राव यांच्या पुढाकाराने सुरू झाले. तिथल्या पाणबुड्यांनी गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या खडकांवर बुडालेल्या जहाजांच्या नोंदी केल्या आहेत. सुंची नावाच्या खडकावर त्यांना तोफेची नळी, लोखंडी नांगर, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात सापडले. पाणघोडा हिंदुस्थानात नाही, तो आफ्रिकेतला. म्हणजे हा माल आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघालेला. परीक्षेअंती हे जहाज सतराव्या शतकातले, पोर्तुगीज अमदानीतले ठरले.

आम्हाला अधिक नवल वाटले ते दुसऱ्या खडकाचे. सेंट जॉर्ज खडकाजवळ, सुमारे १२ ते १५ मीटर पाण्याखाली, भाजलेल्या मातीचा माल पडलेला आढळला. कौले, नळ, विटा, नक्षीदार खांबांचे तुकडे. जहाजाचे लाकूड मात्र हाती लागले नाही. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो, उघडे पडलेले लाकूड तो खाऊन टाकतो. मग हे जहाज कोणते, कधीचे, हे कसे कळावे?

ते सांगितले मालावरच्या शिक्क्याने. त्यावर बासेल मिशन कौल कारखान्याचे नाव आणि १८६५ हे साल होते. हा कारखाना मिशनऱ्यांनी मंगळूरला त्याच साली काढला. तेव्हा माल मंगळूरचा आणि १८६५ च्या आधीचा नव्हे, एवढे पक्के झाले. वर ना कागद, ना साक्षीदार. पण एका शिक्क्याने जबानी दिली.

हे ऐकून आमच्या घरातून प्रश्न आला, "सोनंनाणं काही सापडलं नाही का?" सगळे हेच विचारतात. पण शोध घेणाऱ्यांचे धन वेगळे. कोणती वस्तू कुठे, कशाशेजारी, किती खोल पडली आहे, हेच त्यांचे धन. म्हणून ते आधी काही उचलत नाहीत. तळावर मोजपट्टी ताणतात, पाण्यात न भिजणाऱ्या पाटीवर पेन्सिलीने नकाशा काढतात, छायाचित्रे घेतात, आणि मगच निवडक वस्तू वर आणतात. त्याही गोड्या पाण्यात ठेवून त्यांच्यातले मीठ काढावे लागते. नाहीतर शंभर वर्षे समुद्रात टिकलेले लोखंड वर येताच पापुद्रे सुटून झडू लागते. २००१ साली युनेस्कोने जो करार केला, त्यातही पहिला विचार असा, की वस्तू शक्यतो जागच्या जागी जपावी.

कोणी हौसेने चार कौले काढून नेली, कोणी तोफ भंगारात घातली, की ती जागा मुकी होते. उरतो नुसता दगडमातीचा ढीग.

हे ऐकताना मला आमचे नदीकाठचे रान आठवले. माझ्या आजोबांच्या नांगराला तिथे कडीत ओवलेले तांब्याचे तीन पत्रे लागले होते. त्यांवर अक्षरे कोरलेली होती, पण ती गावात कोणाला वाचता येईनात. आजोबांनी ते पत्रे तांबटाला दिले आणि कळशी घडवून घेतली. त्यांना दोष कसा द्यावा? तांबे हाती आले, घरात कळशी नव्हती. पण कोणत्या राजाने, कोणाला, कोणती जमीन दिली होती, हे आता कोणालाच कळायचे नाही. कदाचित आमच्याच गावाचे जुने नाव त्यावर असेल.

तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनो, नांगराला, विहिरीच्या खोदाईला किंवा घराच्या पायाला काही जुने लागले, तर ते घासू नका, वितळवू नका. जागा ध्यानात ठेवा आणि तलाठ्याला किंवा तहसीलदाराला कळवा. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यावी, असा कायदा १८७८ पासून आहे.

घरी परतल्यावर गोठ्यावरचे एक जुने कौल उतरवून उलटे करून पाहिले. त्यावर मंगळूरचा शिक्का होता. मुलांना तो दाखवला आणि पाण्याखालच्या कौलांची हकीकत सांगितली. धाकट्याने विचारले, "आणि आपल्या कळशीवर काय लिहिलंय?"

कळशी माजघरात आहे, रोज घासली जाते. तिच्यावर एकही अक्षर नाही.