लसूणघास आणि म्हातारा लॅब्रॅडॉर

कुत्रा म्हातारा व्हायला लागला की सल्ले देणाऱ्यांची संख्या अचानक वाढते. आमचा ब्रुनो आता 11 वर्षांचा आहे. लॅब्रॅडॉरच्या हिशोबाने आजोबाच! मागचे पाय आखडतात, सकाळी उठताना दोनदा विचार करतो, आणि गाडीत उडी मारणं केव्हाच बंद झालंय. डॉक्टरांनी एक्स-रे बघून संधिवात सांगितला. सोसायटीच्या बागेत संध्याकाळी कुत्री घेऊन जमणाऱ्या मंडळींपैकी एकीने लगेच उपाय सांगितला: अल्फाल्फा पावडर. "एकदम नॅचरल आहे रे, रोज एक चमचा जेवणात घाल. महिन्याभरात पळायला लागेल बघ."

डबा घरी आला. बाबांनी चष्मा लावून त्यावरचं चित्र बघितलं आणि म्हणाले, "अरे, हा तर लसूणघास! हा आपण म्हशीला घालायचो."

बाबांचं लहानपण सांगली जिल्ह्यातलं, घरी दुभती जनावरं. त्यामुळे पुढची पंधरा मिनिटं लसूणघासावर व्याख्यान झालं. एकदा पेरला की तीन-चार वर्षं बघायला नको, पाणी असेल तर दर 25-30 दिवसांनी कापणी. पण नुसता हिरवा घास पोटभर घालायचा नाही, जनावराचं पोट फुगतं. कडब्यात मिसळून घालायचा. मी मधेच विचारलं, "आणि कुत्र्याला?" बाबा म्हणाले, "कुत्र्याला भाकरी!"

मग मी वाचायला बसलो. (शनिवार दुपार, दुसरं काय करणार?) अल्फाल्फा हा शब्द अरबीतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत गेला, आणि त्याचं मूळ जुन्या इराणी भाषेत आहे. अर्थ काय, तर घोड्याचा चारा. म्हणजे गिऱ्हाईक कोण ते नावातच सांगून टाकलंय! आपल्या मराठी नावाने मात्र गोंधळ करू नका. लसूणघासाचा लसणीशी काही संबंध नाही. हे सांगायलाच हवं, कारण लसूण आणि कांदा कुत्र्यांना खरंच घातक आहेत, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

घास मात्र साधासुधा नाही. वाळवलेल्या लसूणघासात 15 ते 20 टक्के प्रथिनं असतात, कॅल्शियम भरपूर. रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्व 1939 मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं, ते याच घासातून. त्या जीवनसत्त्वावरच्या कामाला 1943 चं नोबेल मिळालं.

पण प्रश्न घासात काय आहे हा नाहीये, कुत्र्याच्या पोटात त्याचं काय होतं हा आहे. म्हशीच्या पोटाला चार कप्पे, त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव, ते गवताचा चोथा फोडतात. कुत्र्याकडे ही यंत्रणाच नाही. बाबांची भाकरी मात्र पचते. 2013 मध्ये कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना झाली, तेव्हा दिसलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात कितीतरी वाढल्या आहेत. माणसाच्या उष्ट्यावर वाढल्याचा परिणाम! पण भाकरीतलं पिष्ट वेगळं आणि गवताचा चोथा वेगळा. चमचाभर पावडर म्हणजे कुत्र्यासाठी मुख्यतः थोडा जास्तीचा चोथा. आणि तिने कुत्र्याचा संधिवात बरा होतो याला धड पुरावा नाही.

मग इतके लोक "आमच्याकडे फरक पडला" असं का म्हणतात? खोटं बोलतात का? अजिबात नाही. 2012 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संधिवात असलेल्या, पण नुसतं बिनऔषधाचं औषध मिळालेल्या कुत्र्यांचा. पाय जमिनीवर किती जोर देतो हे एका यंत्राने मोजलं, आणि मालकांना व डॉक्टरांनाही विचारलं. यंत्रावर काही सुधारणा नसताना मालक अनेकदा म्हणाले, बरा आहे आता. डॉक्टरसुद्धा! आमच्या क्षेत्रात ज्याने कोड लिहिला त्यालाच टेस्टिंग करू देत नाहीत, त्याचं कारण हेच. त्याला चालताना दिसावं अशी इच्छा असते, म्हणून ते चालताना दिसतं.

मला खरी भीती वाटते ती इथे. एक चमचा घासाने बहुतेक कुत्र्यांचं काही बिघडणार नाही. (मूतखड्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कॅल्शियम जास्त असतं. बिया आणि मोड आलेला घास तर नकोच, त्यात कॅनॅव्हनिन नावाचं त्रासदायक द्रव्य असतं.) पण काहीतरी केल्याचं समाधान आपल्याला मिळतं आणि दुखणं कुत्र्याकडेच राहतं. तो बिचारा सांगत नाही. कुत्री दुखणं लपवण्यात पटाईत असतात.

ज्याला पुरावा आहे ते फार कंटाळवाणं आहे. वजन! 48 लॅब्रॅडॉर, जोड्या लावून जन्मभर पाहिलेले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला. 2002 मध्ये निष्कर्ष आले: कमी खाणारे साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचा संधिवातही उशिरा सुरू झाला. पावणेदोन वर्षं! कुठल्या डब्यावर असं लिहिलेलं असतं? त्याशिवाय माशाचं तेल, गुळगुळीत फरशीवर घसरू नये म्हणून सतरंजी, कापलेली नखं, आणि डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक. डॉक्टरांनी दिलेलंच हं! आपल्या कपाटातल्या आयब्युप्रोफेनने कुत्रा मरू शकतो.

तेव्हा आमच्याकडे सध्या असं चाललंय: ब्रुनोचं जेवण वाटीने मोजून, आणि दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच वेळी, चालतानाचा व्हिडिओ. बघतो मी नाही, डॉक्टर बघतात, तेही तारखा लपवून. बाबा चोरून अर्धी भाकरी घालतात. तेवढा एक बग अजून सुटलेला नाही.