तेलाचा दाब

‘दाब’ या शब्दाला आपल्या बोलण्यात फारशी प्रतिष्ठा नाही. दाबून ठेवणे, दबावाला बळी पडणे, दडपण येणे. साऱ्या अर्थच्छटा जाचाकडे झुकलेल्या. या शब्दाचा एक निराळा अर्थ आम्हा दोघांना कळला तो कोपरगावच्या एका गॅरेजात, आणि तोही दाब नसल्यामुळे.

गाडी प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीच्या इंजिनाची. मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सीच्या रूपातली पद्मिनी ऑक्टोबर २०२३अखेर निवृत्त झाली तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्यावर मृत्युलेखच लिहिले. आमची मात्र घरातल्या थोरल्यांच्या पश्चात पत्र्याच्या शेडमध्ये श्वास धरून उभी होती. बोअर, क्रँकचे ग्राइंडिंग, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नव्या बेअरिंगा असे सारे इंजिनकाम बाहेरगावच्या एका वर्कशॉपमधून करून आणले. येथे केवळ ते गाडीत बसवायचे होते. या कामावर झालेला खर्च येथे सांगत नाही. तो दुसऱ्यांदा करणे आम्हाला शक्य नव्हते, एवढे पुरे.

इंजिन सुरू झाले आणि तेलाचा तांबडा दिवा विझेना. मिस्त्रींनी दहापर्यंत आकडे मोजले असतील-नसतील, किल्ली मागे फिरवली. वर्कशॉपला फोन केला तर उत्तर आले, “थोडी पळवा, प्रेशर आपोआप चढेल.” मिस्त्री शांतपणे म्हणाले, “सर, कोरडं इंजिन पळवलं तर मिनिटात बेरिंग धरेल. मग परत क्रँक, परत सगळं.”

वंगण ही कल्पना आपल्याला नवी नाही. टायरची चाके येण्यापूर्वी उसाच्या बैलगाड्या कोपरगाव परिसरातल्या कारखान्यांकडे निघत, तेव्हा आसाला वंगण घातल्याशिवाय कोणी बैल जुंपत नसे. पण वंगण म्हणजे दोन लोखंडांमधला बुळबुळीतपणा, अशीच आमची समजूत. प्रत्यक्षात प्रकार त्याहून अद्भुत आहे. १८८३च्या सुमारास बोशँप टॉवर हा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी त्यातून वर येऊ लागले. लाकडी बूच ठोकले, तेही तेलाने बाहेर ढकलले. दर चौरस इंचाला २०० पौंडांपर्यंत मोजणारा दाबमापक लावला. काटा त्याच्याही पलीकडे गेला. फिरणारा आसच तेलाला आपल्याखाली ओढून घेत होता आणि त्या पातळ पापुद्र्यावर अधांतरी तरंगत होता! ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ साली याचे गणित मांडले. म्हणजे चालत्या इंजिनात क्रँक बेअरिंगला टेकलेलाच नसतो. पंपाचे काम एवढेच, की केसाएवढीही जाडी नसलेल्या त्या फटीत तेल सतत हजर ठेवणे. ते हजर नसेल तर धातूवर धातू येतो, आणि पुढे मिस्त्रींनी सांगितले ते घडते.

आणखी एक गोष्ट आम्हाला विशेष वाटली. पंप दाब निर्माण करीत नाही. तो तेल ढकलतो. दाब उत्पन्न होतो तो वाटेतल्या अडवणुकीतून. त्यामुळे ‘शून्य’ या एकाच खुणेचे दोन परस्परविरुद्ध अर्थ संभवतात. एक, तेल पोहोचतच नाही. दुसरा, तेल पोहोचते पण कोणी अडवीत नाही: एखाद्या तेलवाटेचे बूच लावायचे राहिले, दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला, किंवा बेअरिंगा ढिल्या बसल्या. शेजारच्या दुकानातल्या एका जाणत्याने हे शेवटचे निदान बाहेरूनच करून टाकले आणि इंजिन पुन्हा खाली उतरवण्याचा सल्ला दिला. अर्थ लावण्याची अशी घाई आमच्या व्यवसायातही भरपूर आढळते.

मिस्त्रींनी स्वस्तापासून सुरुवात केली. पट्टी पाहिली, तेल पुरेसे. दिव्याचा स्विच काढून त्या जागी दाबाचे मीटर बसवले, कारण खोटा तर दिवाही असू शकतो. चारही प्लग काढून सेल मारला, म्हणजे इंजिन फिरेल पण बेअरिंगांवर स्फोटाचा भार येणार नाही. काटा शून्यावर. टॅपेट कव्हरखाली सारे कोरडे ठणठणीत. मग मीटर सोडवून त्याच भोकातून ऑइल कॅनने तेल आत भरले. नवा, कोरडा पंप कधीकधी नुसती हवाच घुसळत राहतो, त्याचे दात भिजावे लागतात. पुन्हा सेल. काटा हलला, किंचित चढला आणि पुन्हा पडला.

आम्ही हिरमुसलो, मिस्त्री प्रथमच खुश दिसले. चढला याचा अर्थ पंप चांगला आहे आणि तेलाला अडवणारेही कोणी आहे, म्हणजे बेअरिंगा निर्दोष. पडला याचा अर्थ पंपाला मागून तेलाऐवजी हवा मिळते. “चेंबर खोलू,” ते म्हणाले. इंजिन उतरवायची गरज नव्हती.

चेंबर निघाले. तेल ओढणारी जाळीची नळी पंपाला जिथे जोडली जाते, तिथले पॅकिंग जुनेच होते, एका कडेला चिरलेले. काही रुपयांची वस्तू. नवे पॅकिंग कापले, पंपात व्हॅसलिन भरले, चेंबर चढवले. प्लग न लावताच सेल मारला. पहिले काही क्षण काहीच नाही. मग सेलचा आवाज जड झाला, आणि काटा उठून चाळीसच्या आसपास स्थिरावला.

त्या पहिल्या दहा सेकंदांनी काय केले, ही चुटपुट मात्र उरली. ५०० किलोमीटरनंतर तेल बदलले तेव्हा मिस्त्रींनी काढलेले तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात धरले. चकाकणारा कण त्यात एकही नव्हता.