भाभीजींचा चौविहार



संवत्सरी जवळ आली की दरवर्षी मी इथे क्षमापनेवर काही ना काही लिहिते. यंदा जे लिहितेय ते तीन वर्षं टाळत होते, कारण त्यात चूक माझीच आहे. भाभीजींना विचारूनच लिहितेय. त्या म्हणाल्या, "लिही गं. एखादीचा आजार तरी वेळेवर सापडेल."

भाभीजी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सोळाव्या वर्षी चातुर्मासात त्यांनी महासतीजींकडून चौविहाराचा नियम घेतला, तो कधी मोडला नाही. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. दोन अठाया झालेल्या. अशा बाईचं वजन वयाच्या ४१ व्या वर्षी एका वर्षात १४ किलोंनी वाढलं. तेही कसं? हातपाय उलट बारीक झाले. पोट, चेहरा आणि मानेमागचा भाग तेवढा सुटला. चेहरा गोल आणि लालसर. ब्लाउज दर दोन महिन्यांनी उसवून मोठे करत होतो.

स्थानकात कुजबुज सुरू झाली. "एकासना करतात म्हणे, मग अंग कसं सुटतं?" मी नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण एका रात्री अकराच्या सुमारास मला स्वयंपाकघरात दिवा दिसला. भाभीजी ओट्याला टेकून उभ्या होत्या. मी काही विचारलं नाही, तशीच मागे फिरले. दुसऱ्या दिवशी नणंदेला फोनवर म्हणाले, "रात्री खात असतील बहुतेक." ते वाक्य चार घरं फिरून भाभीजींच्या कानावर गेलं. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

खरं तर त्यांना महिनोन्महिने झोपच लागत नव्हती, म्हणून त्या घरात फिरत असत.

बाकीच्या खुणाही डोळ्यांसमोर होत्या. सामायिक झाली की ४८ मिनिटं मांडी घालून बसलेल्या भाभीजींना हात टेकल्याशिवाय उठता येत नव्हतं. कपाटाला जरा धक्का लागला तरी दंडावर काळंनिळं व्हायचं. पाळी अनियमित झाली, हनुवटीवर केस आले. बीपीची गोळी सुरू झाली, मग साखरेची. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी "चालायला जा, गोड कमी करा" एवढंच सांगितलं.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी पोटावरचे पट्टे पाहिले. बाळंतपणाचे पट्टे पांढरट होतात. हे बोटाएवढे रुंद आणि जांभळे होते. त्यांनी भाभीजींना खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. जमलं नाही. मग त्यांनी आम्हाला पुण्याला हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

तिथे पहिल्यांदा कळलं की प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते. अॅड्रिनल, मराठीत अधिवृक्क. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्या आतल्या गाभ्यातून अॅड्रिनलिन येतं, बाहेरच्या थरातून मीठ-पाणी सांभाळणारं अल्डोस्टेरॉन आणि आजारपणात, ताणात, उपवासात आपल्याला उभं ठेवणारं कॉर्टिसॉल. उपवासात साखर एकदम खाली जात नाही, त्यात कॉर्टिसॉलचाही हात असतो. पण तेच गरजेपेक्षा जास्त झालं की स्नायू झिजतात, कातडी पातळ होते, हाडं ठिसूळ होतात, बीपी आणि साखर वाढते. याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. हार्वी कुशिंग या अमेरिकन डॉक्टरांनी असा रुग्ण १९१२ साली वर्णन केला होता.

डॉक्टरांचं एक वाक्य माझ्या मनात रुतून बसलंय. म्हणाले, "निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल पहाटे भरपूर असतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्री अगदी कमी होतं. या आजारात ते रात्रीही उतरत नाही." म्हणजे ही ग्रंथी जणू रात्री आपलं स्वयंपाकघर बंद करते. भाभीजींनी नियम मोडलाच नव्हता. मोडला होता तो त्यांच्या ग्रंथीनं.

पहिली तपासणी २४ तासांच्या लघवीची होती, त्यात कॉर्टिसॉल जास्त आलं. पण एका तपासणीवर निदान करत नाहीत. दुसरीसाठी रात्री अकरा वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी घ्यायची आणि सकाळी आठला रक्त द्यायचं. ही गोळी पोटात गेली की निरोगी शरीर समजतं, स्टेरॉइड पुरेसं आहे, आणि आपलं कॉर्टिसॉल बनवणं थांबवतं. सकाळचा आकडा १.८ च्या खाली यायला हवा.

भाभीजी म्हणाल्या, "संध्याकाळी पाचला घेतली तर?" डॉक्टरांनी समजावलं की वेळ बदलली तर आकड्याला अर्थ उरत नाही. मध्यरात्रीच्या लाळेची एक तपासणी असते, तीत काही गिळावं लागत नाही, पण आमच्या गावात ती होत नव्हती. भाभीजी घरी येऊन गप्प बसल्या. पंचवीस वर्षांचा नियम होता.

मी स्थानकात जाऊन महासतीजींना सगळं सांगितलं, माझं फोनवरचं वाक्यसुद्धा. त्या म्हणाल्या की पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत ते याचसाठी. आजारात समाधी टिकावी म्हणून घेतलेलं औषध म्हणजे जिभेचे लाड नव्हेत. गोळी घ्यावी, नंतर आलोयणा करावी. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "त्यांची आलोयणा सोपी आहे. तुझी अवघड आहे."

त्या रात्री अकराला त्याच ओट्यापाशी मी पाणी दिलं. भाभीजींनी नवकार म्हटला, गोळी घेतली. हात थरथरत होता. मी तिथेच त्यांचे पाय धरले.

सकाळचा आकडा १६ च्या वर आला. पुढच्या रक्ततपासणीत आणि सीटी स्कॅनमध्ये डाव्या अॅड्रिनलवर तीन सेंटीमीटरची गाठ दिसली. कर्करोगाची नव्हती. दुर्बिणीनं ऑपरेशन करून ती ग्रंथी काढली.

पण आजार तिथे संपत नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं. डावी बाजू इतकं कॉर्टिसॉल ओतत होती की उजवी झोपी गेली होती. ती जागी होईपर्यंत बाहेरून हायड्रोकॉर्टिसोन द्यावं लागलं. आमच्याकडे त्याला चौदा महिने लागले. सुरुवातीचे काही महिने अंग ठणकायचं, थकवा असा की वेणी घालायचं बळ नसायचं. त्या वर्षी पर्युषणात त्यांनी डॉक्टरांना तिविहार उपवासाचं विचारलं. उत्तर स्पष्ट होतं: उपवास नाही, आणि एकही गोळी चुकवायची नाही. ताप आला तर डोस दुप्पट, उलटीत गोळी टिकली नाही तर लगेच दवाखाना आणि इंजेक्शन. कारण अशा वेळी कॉर्टिसॉल कमी पडलं तर बीपी एकदम खाली जाऊन जीवावर बेततं.

पहिली गोळी उठल्या उठल्या घ्यायची, म्हणून नवकारसी सोडावी लागली. शेवटची मात्र दुपारी चारला होती, कारण उशिरा घेतली तर झोप उडते. चौविहार आपसूक पाळला गेला! भाभीजी हसून म्हणाल्या, "बघ, डॉक्टरसुद्धा सूर्यास्त मानतात."

मैत्रिणींनो, भाभीजींसारखी गाठ क्वचितच होते. पण कुशिंगचं सर्वांत मोठं कारण बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड हेच आहे, आणि ते आपल्या घरात असू शकतं. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या, गोरं होण्याची क्रीम, दम्याच्या किंवा सांध्यांच्या जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं चाललेल्या गोळ्या. त्या तपासून घ्या. मात्र बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, तपस्येसाठीही नाही. डॉक्टर ते हळूहळू उतरवतात. कमी वयात बीपी खूप वाढलं, तीन-तीन गोळ्यांनीही आटोक्यात येत नसेल, रक्तात पोटॅशियम कमी असेल, किंवा अचानक धडधड, घाम आणि डोकेदुखीचे झटके येत असतील तर तेही याच ग्रंथीचं काम असू शकतं. डॉक्टरांना अॅड्रिनलबद्दल विचारा.

आणि एखादीचं अंग सुटलेलं दिसलं तर तिच्या ताटाचा, तिच्या नियमाचा हिशोब करू नका. रात्री दिवा दिसला तर आत जा आणि विचारा, "झोप येत नाही का?"

मी विचारलं नव्हतं. भाभीजी, मिच्छामि दुक्कडम्.