बिनधुळीची तीन हात जागा

दिवाळी अंकात प्रवासवर्णन द्यायचे तर निदान हिमालय तरी गाठलेला असावा. माझा प्रवास मात्र कोथरूडच्या कोथरूडातच, एका सकाळात उरकला. निघालो होतो बिनधुळीची तीन हात जागा शोधायला.

निमित्त पुतण्याच्या ड्रोनचे. हे चिरंजीव लग्नांची चित्रे हवेतून टिपतात. मागे वाईकडच्या शेतातून उडवून त्याने आईच्या माहेरचा वाडा टिपला. आईने तो कौतुकाने पाहिला आणि म्हणाली, "ही घार एकाच जागी कशी रे?" पुतण्याचा चेहरा उतरला. कॅमेरा कुठेही वळवला तरी ठिपका चित्रात त्याच जागी. म्हणजे कण भिंगाच्या मागे शिरलेला. तुळशीच्या लग्नानंतर त्याचा हंगाम. नवरीच्या डोक्यावरची घार कोण खपवून घेईल?

"काका, साफ मीच करीन, जागा तेवढी बिनधुळीची द्या," तो म्हणाला.

प्रथम आमची गॅलरी. पांढरा कागद अंथरला आणि पाच मिनिटांत त्यावर बोट फिरवून नाव लिहिता येऊ लागले! शेजारची इमारत पाडताहेत. चाळीस वर्षे जिथे आम्ही विरजण मागायला गेलो, ते स्वयंपाकघर आमच्या कागदावर उतरत होते. 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री चांदणी चौकातला जुना पूल सुरुंगाने पाडला, तेव्हापासून इकडच्या माणसाला पाडापाडीचे अप्रूप उरलेले नाही.

मग पौड रस्त्यावरच्या मित्राचे घर. 6 मार्च 2022 ला वनाजहून मेट्रो धावू लागली, तेव्हा आता रस्त्यावरची धूळ खाली बसेल असे त्याला वाटले होते. मेट्रो वरून जाते. खालची वाहने होती तिथेच आहेत. चहा घेऊन उठलो.

शेवटी म्हातोबाची टेकडी. तिथे वारा आणि फिरणाऱ्यांच्या पायांखालचा मुरूम! पण पुतण्याने सहज पाते फिरवले, तर मोटार किंचित कुरकुरली. आत चुंबकाला काळे बारीक कण मिशांसारखे चिकटलेले. आपला हा काळा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात लोहचुंबकी खनिज असते. दगड झिजला की ते मातीत उतरते. आजोळची माती मोटारीत बसून कोथरूडला आली होती.

हात हलवीत परतलो. आई म्हणाली, "न्हाणीघरात बसा. मी आत्ताच कढत पाण्याने न्हाले. वाफेबरोबर धूळ खाली बसते."

आम्ही वाफ विरून भिंती कोरड्या होऊ दिल्या. पुतण्याने आधी बॅटरी काढली. निघालेला प्रत्येक स्क्रू तो चिकटपट्टीवर क्रमाने लावीत गेला. मी फुंकर घालायला वाकलो, तोच ओरडला, "काका, थुंकी उडते!" चुंबकावरचे कण हवेने हटत नाहीत, ते चिकटपट्टीने टिपले. मग कॅमेऱ्याचे तोंड खाली करून रबरी फुग्याने दोन हलके झोत दिले. घार उडाली.

आई दारातूनच पाहत होती. म्हणाली, "झालं ना? मग आता आपलं घर टिप."

आम्ही दोघेही गप्प झालो. आमच्या इमारतीच्या कागदांवरही सह्या झाल्या आहेत; संक्रांतीनंतर हातोडे इकडे वळतील.

"आजी, इथं उडवायचा तर आधी परवानगी पाहावी लागेल."

"उडवतोस कशाला? हातात धर."

ड्रोन हातात धरून तो खोल्याखोल्यांतून फिरला. देवघर, फडताळ, दारावर माझी उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या खुणा. संध्याकाळी सगळे पाहायला बसलो. खिडकीतल्या उन्हाच्या तिरिपेत असंख्य कण तरंगत होते.

"हे पुसता येतील," पुतण्या म्हणाला.

"राहू देत," आई म्हणाली. "ते घरातलेच आहेत."