अपुरी ओंजळ

माणसाला कामाची भीती दोन प्रकारांनी वाटते. एक भीती कामातल्या धोक्याची. समुद्र खवळला आहे, आज होडी लोटू नये, असे ती सांगते. आणि पुष्कळदा तिचे सांगणे शहाणपणाचेच असते. दुसरी भीती स्वतःच्या अपुरेपणाची. समुद्र शांत आहे, होडी भक्कम आहे, पलीकडच्या तीरावरून कोणी हाकही मारीत आहे. परंतु वल्हे हाती घेणारे आपण कोण, असा प्रश्न ती हळूच कानाशी येऊन विचारते. पहिल्या भीतीला भित्रेपणा म्हणून झिडकारता येते. दुसरीला तसे म्हणवत नाही. कारण ती विनयाचे वस्त्र नेसून येते, आणि विनयाला दाराबाहेर घालवणे सुसंस्कृत माणसाच्या जिवावर येते.

धर्माच्या वाटेवर ही दुसरी भीती अधिकच भारी होते. कचेरीतल्या साहेबापुढे आपले उणे थोडेफार झाकून नेता येते. विद्यार्थ्यांपुढे तर आम्ही प्राध्यापक ते आयुष्यभर झाकीत असतो. परंतु ज्याची हाक ऐकली असे वाटते, तो अंतर्यामी. आपले सारे उणे त्याला आधीच ठाऊक. मग त्याने हाक मारलीच कशी? ती शेजारच्या घरासाठी तर नव्हती? या शंकेत कित्येक चांगली माणसे उंबरठ्यावरच म्हातारी होतात.

गेली काही वर्षे मी उन्हाळ्याची सुटी शिरोड्यास काढतो. या गावात अपुरेपणाचा विचार करणे मला सोपे जाते. वि. स. खांडेकर १९२० साली येथील शाळेत शिक्षक म्हणून आले, तेव्हा त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. कॉलेजचे शिक्षण अर्ध्यावर सुटले होते. तरी अठरा वर्षे त्यांनी येथल्या मुलांना शिकविले. पुढे त्यांना १९७४चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण १९२० साली ते कोणास ठाऊक होते? येथल्याच मिठागरांवर १९३०च्या मे महिन्यात सत्याग्रही चालून आले. त्यांनी आधी स्वतःच्या बळाचा हिशेब मांडला असता, तर एका साम्राज्यापुढे ओंजळभर मिठाची किंमत शून्य आली असती, आणि सारेजण आल्या वाटेने परतले असते.

परंतु या प्रश्नाचा मला खऱ्या अर्थाने विचार करावा लागला, तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो याच किनाऱ्यावरचा, ख्रिस्ती कुटुंबातला. बुद्धीने तल्लख, स्वभावाने मवाळ. पण बोलताना अडखळणारा. वर्गात उत्तर ठाऊक असूनही तो पुष्कळदा गप्प बसे. पदवी घेऊन तो एका पतपेढीत नोकरीस लागला, आणि मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आमच्या पडवीवर येऊन बसला. बराच वेळ हवापाण्याचे बोलणे झाल्यावर त्याने मनातले सांगितले. नोकरी सोडून धर्मगुरू होण्याचे शिक्षण घ्यावे, असे त्याला दोन वर्षे सारखे वाटत होते. आईची संमती होती. अर्जही भरून ठेवला होता. तो पाठवायला मात्र हात धजत नव्हता.

“सर,” तो म्हणाला, “‘प्रभू’ हा शब्दच माझ्या तोंडून नीट निघत नाही. ‘प’शी अडतो. भर उपासनेत अडलो, तर लोक माझ्याकडे बघतील. ज्याच्याकडे बघायचे, त्याच्याकडे कोण बघेल?”

मी ख्रिस्ती नाही. इंग्रजी वाङ्मय शिकवायचे म्हणून बायबल हाती घेतले आणि पुढे ते आवडीने वाचीत राहिलो, एवढाच माझा अधिकार. त्यामुळे त्याला उपदेश करावयाला आपण कोण, हा प्रश्न त्याच्याप्रमाणे मलाही पडला. तरीही जे सुचले ते बोललो. मोशेने देवापुढे आपल्या जड जिभेची सबब मांडली होती, यिर्मयाने आपल्या कोवळ्या वयाची. आणि दोघांचीही सबब मान्य झाली नाही, याची मी त्याला आठवण दिली. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, “सर, ती मोठी माणसे होती. त्यांच्या गोष्टीचा शेवट आपल्याला ठाऊक असतो. माझी गोष्ट तर अजून सुरूही झालेली नाही.”

त्याचे म्हणणे खरे होते. थोरांचे दाखले थोरपणामुळेच कुचकामाचे होतात. ज्याचे पाय लटपटत आहेत, त्याला पर्वत दाखवून काय उपयोग? त्याला पायरी दाखवावी लागते. मी आत जाऊन लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणली आणि त्याच्या हाती दिली. तो गेल्यावर, त्याला जे नीट सांगता आले नाही ते मी स्वतःशी जुळवीत बसलो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. सोवळ्याचा अतिरेक असलेल्या घरात त्या वाढल्या. शाळा त्यांनी पाहिली नाही. बालवयात लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी. हा पुरुष कवी, पंडित, वक्ता आणि एका जागी न टिकणारा. अक्षरओळख त्यांना पतीनेच करून दिली. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे पुन्हा एकत्र संसार सुरू झाला, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण तो नवऱ्याच्या मागे फरफटत जाऊन नव्हे. जातीचा आणि सोवळ्याचा एकेक पीळ स्वतःच्या हातांनी उकलीत त्या तेथवर आल्या. हाक ऐकू येणे आणि तिला ओ देणे, यांच्यात पाच वर्षांचे अंतर पडले. त्या अंतराने हाक खोटी ठरली नाही.

त्यांच्या आयुष्यातली अपुरेपणाची खरी कसोटी याच्याही पुढची आहे. टिळकांनी येशूच्या चरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले होते. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झाले, आणि १९१९ साली ते निवर्तले. काव्य तसेच राहिले. ज्यांची भजने मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून आजही गायिली जातात, अशा कवीचे अपुरे काव्य पुरे कोण करणार? एखाद्या पंडिताचे नाव सुचणेच स्वाभाविक होते. पुरे केले ते पन्नाशी ओलांडलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या या विधवेने. एकदोन नव्हेत, तब्बल ६४ अध्याय तिने लिहिले. पतीने लिहिले त्याच्या सुमारे सहापट!

मी आता त्याच वयाचा आहे, म्हणून या गोष्टीने मी अधिकच चकित होतो. पन्नाशीत आम्ही शिकलेले लोक आपल्या मर्यादा फार सुरेखपणे सांगू लागतो. ‘हा माझा विषय नव्हे’ असे म्हटले की पुष्कळ कटकटी वाचतात, आणि वर विनयशील म्हणून लौकिकही मिळतो. आमच्या शिक्षणाचा क्रमच असा, की आधी परीक्षा, मग प्रमाणपत्र, आणि त्यानंतर काम. पात्रता सिद्ध झाल्यावाचून कामास हात घालणे हा आम्हांला उद्धटपणा वाटतो. लक्ष्मीबाईंपाशी प्रमाणपत्र नव्हतेच. तेव्हा प्रमाणपत्राची वाट पाहण्याचा प्रश्नही नव्हता. काम पुढ्यात येऊन पडले होते. स्वयंपाकघरात भात अर्धा शिजलेला राहिला, तर घरातली बाई आपण सुगरण आहोत की नाही याचा विचार करीत बसत नाही. ती चुलीत लाकूड सारते. त्यांनी ‘ख्रिस्तायना’त लाकूड सारले.

येथे नम्रता आणि भीती यांतला भेद मला स्पष्ट दिसतो. दोघीही म्हणतात, ‘मी लहान आहे.’ पण नम्रता हे एकदा म्हणते आणि कामाकडे वळते. भीती हे पुन्हा पुन्हा म्हणते आणि स्वतःकडेच पाहत राहते. तिच्या हातात सदैव तराजू असतो, आणि दोन्ही पारड्यांत तीच बसलेली असते. अपुरेपणाच्या या भीतीत अहंकाराचा एक बारीक धागा असतो, असे मी म्हटले तर ते कठोर वाटेल. परंतु ‘लोक माझ्याकडे बघतील’ या वाक्यात तो धागा आहे, आणि माझ्या विद्यार्थ्याला तो माझ्या आधी दिसला होता. म्हणूनच तर त्याने पुढचे वाक्य उच्चारले.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक; पण पात्रता ही खरी वस्तू आहे. पोहता न येणाऱ्याने बुडत्यासाठी उडी टाकली तर दोघेही बुडतात. मान्य आहे. अपात्र वैद्याइतकाच अपात्र धर्मगुरूही घातक होऊ शकतो. परंतु ज्यांनी ही वाट खरोखर चालून दाखविली, त्यांनी अपुरेपणा नाकारला नाही, आणि त्याची सबबही केली नाही. त्यांनी त्याला शिकावयास बसविले. शिरोड्याहून थोडे दक्षिणेस गेले की तेरेखोलचा किल्ला आणि गोव्याची हद्द लागते. त्या गोव्यात १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट उतरला, तेव्हा मराठी भाषा त्याला सर्वस्वी परकी होती. त्याचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे छापून निघाले १६१६ साली. मध्ये सदतीस वर्षे गेली, आणि त्यांतून सुमारे अकरा हजार ओव्या उभ्या राहिल्या. पंडिता रमाबाई तर संस्कृताच्या गाढ्या विदुषी. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हटले होते. तरीही बायबल मराठीत आणायचे ठरले, तेव्हा त्या नव्याने हिब्रू आणि ग्रीक शिकू लागल्या, आणि १९२२ साली मृत्यू येईतो त्या कामात गढून राहिल्या. भीतीचा एक सदुपयोग आहे तो हा, की ती माणसाला अभ्यासाला लावते. तेवढे काम करून घ्यावे, आणि निर्णयाच्या वेळी मात्र तिचे मत विचारू नये.

तरीही काही उणी अशी असतात, की ती अभ्यासानेही पूर्णपणे जात नाहीत. जीभ अडखळते ती थोडी सुधारेल, सुधारणारही नाही. अशा उण्याचे काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते मिठागरात काम करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या बोलण्यात सापडले. मीठ कसे करता, असे मी त्याला सहज विचारले होते. तो हसून म्हणाला, “मीठ आमी करनव नाय, मास्तरानू. मीठ ऊन करता. आमी नुसता पाणी अडवन धरतव.” बांध घालायचे, वाफे सारखे करायचे, भरतीचे पाणी आत घेऊन थोपवायचे, एवढे माणसाचे काम, आणि ते कमरेचा काटा ढिला करणारे काम आहे. पण पाण्याचे मीठ करणे हे त्याच्या हाती नाही. आपल्या अंगी मीठ घडविण्याची शक्ती नाही म्हणून तो रडत बसत नाही, आणि ऊन आहेच म्हणून बांधाची डागडुजीही टाळत नाही. येशूने आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली, हे माझ्या विद्यार्थ्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. शिरोड्याच्या माणसाला तिचा अर्थ शिकवायला भाष्यकार कशाला हवा?

हे सारे मी त्याला सविस्तर पत्राने कळविले. उत्तर पुष्कळ दिवस आले नाही. पावसाळा उलटल्यावर आले. अर्ज त्याने पाठविला होता; तो स्वीकारलाही गेला होता. अभ्यासाबरोबर त्याच्याकडे आजारी माणसांच्या भेटीस जाण्याचे काम सोपविले होते. त्याने लिहिले होते: “उपासनेत वचन वाचताना मी दोनदा अडलो. कोणी हसले नाही. पण मला घाम फुटला. आजाऱ्यांपाशी मात्र निराळा अनुभव आला. त्यांनाही शब्द सावकाश सापडतात. माझ्यामुळे त्यांना घाई वाटत नाही, असे एका आजीने सांगितले. सर, भीती गेली आहे असे लिहिणे खोटे होईल. पूर्वी ती माझ्या पुढे चालत असे. आता मागून येते.”

पत्र मी दोनदा वाचले. त्यात विजयाचा सूर नाही, हेच मला विशेष आवडले. त्याची जीभ सुटेल की नाही, हे मला ठाऊक नाही. अभ्यासाची वर्षे पुरी झाल्यावर तो चांगला धर्मगुरू होईल की नाही, हेही आज कोणी सांगू शकणार नाही. पण उंबरठा त्याने ओलांडला आहे. लक्ष्मीबाईंचे पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे, आणि ते परत मागण्याचा माझा विचार नाही. माझ्यासाठी मी दुसरी प्रत मागविली आहे. गेली कित्येक वर्षे ‘हा माझा विषय नव्हे’ म्हणून मी बाजूला ठेवलेले एक काम आहे. ते हाती घेण्यापूर्वी ती पुन्हा एकदा वाचावी म्हणतो.