ओहोटीची वाट

आमचे गाव भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या काठी. इंग्रजी अमदानीत धरण झाले आणि आमची जुनी शेते पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ती वर येतात. आजी गाळात अनवाणी उभी राहून एकेक बांध दाखविते. त्याच गाळपेरीच्या भुईमुगाचे पैसे पदराच्या गाठीतून सोडून तिने माझी सहलीची वर्गणी भरली. घरातला कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि समुद्र पाहणाराही पहिलाच.

वरंधा घाट उतरून, महाडवरून अलिबाग गाठले. समोर कुलाबा किल्ला! ओहोटी होती, म्हणून सर म्हणाले, "चालतच जायचे." चपला हातात घेऊन निघालो. मागे वळून पाहिले तर पाऊलखुणांत पाणी झिरपत होते. आमचे पाणी वर्षातून एकदा मागे सरते. हे दिवसातून दोनदा सरते आणि दोनदा परतते. मित्र हसत होते, माझ्या पोटात मात्र गोळा आला.

मार्च १६८० मध्ये महाराजांनी या किल्ल्याच्या बांधणीची आज्ञा केली. ३ एप्रिलला रायगडावर देह ठेवला. पुढे येथे कान्होजी आंग्रे नांदले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, ते हात हलवीत परतले. हे पुस्तकात वाचले होते. पण तटाच्या दगडांत चुना नाही, हे ठाऊक नव्हते. चिऱ्यावर चिरा नुसता रचलेला. लाट फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. माझे वडील शेताच्या ताली अशाच रचतात!

खडकांवर कुरव पक्ष्यांचा थवा होता. हिवाळ्यात ते पार लडाखकडून येतात, असे सरांनी सांगितले. तुतवार पाण्याच्या कडेकडेने धावत होते. एक बगळा तर चक्क पाटीच्या रंगाचा! घरी कोणाला हे पटायचे नाही.

आतल्या गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी मी रेंगाळलो. तेवढ्यात टांगेवाल्याची हाक आली, "भरती लागली!" गुडघाभर पाण्यातून, सरांचा हात घट्ट धरून परतलो. धरणात पोहणारा मी!

घरी आजीने विचारले, "दर्याच्या मधी राहून लोक पानी काय पीत व्हते रं?"

"आतच गोडी हीर हाये, आजी."

ती बराच वेळ गप्प राहिली.

"आपली बी व्हती. मी एकदाच बघितलीया. औंदा पानी लई खाली गेलं, तर तुला दावीन."