पाठीचं दीड मिलिमीटर

माझ्या कपाटात एका दिवाळी अंकाची प्रत आहे. पाठ बाहेर करून मी ती उभी ठेवली आहे, रोज नजरेला पडावी म्हणून. पाठीवर मरून पट्टी आणि त्या पट्टीत पांढऱ्या अक्षरांत अंकाचं नाव. पण पट्टी पाठीला पुरलेली नाही. एका कडेनं मुखपृष्ठाचा पिवळा रंग वळून पाठीवर आला आहे. मोजला तर दीड मिलिमीटर. वाचकांच्या कदाचित लक्षातही आलं नसेल. वाचनालयाच्या फळीवर मात्र तो अंक मला दारातून ओळखू यायचा.

हिशोब अगदी साधा होता. अंक १९२ पृष्ठांचा ठरला होता, म्हणजे ९६ कागद. सत्तर जीएसएमच्या मॅपलिथोचा एक कागद साधारण ०.०९ मिलिमीटर जाडीचा. म्हणजे पाठ साडेआठ मिलिमीटरच्या थोडी वर. त्या मापानं मुखपृष्ठ तयार करून ठेवलं होतं. मग एक दीर्घकथा उशिरा आली. चांगली होती, संपादकांनी घेतली. जाहिराती वाढल्या. सोळा पृष्ठांचे दोन फॉर्म वाढून अंक २२४ पृष्ठांवर गेला. सोळा कागद जास्त, पाठ दीड मिलिमीटरनं जाड.

मी त्या अंकाची मुद्रितशोधक होते. वाढलेल्या बत्तीस पृष्ठांची प्रुफं सोमवारी माझ्याच टेबलावरून गेली. मुखपृष्ठ छापायला गेलं बुधवारी. मधले दोन दिवस पानं वाढल्याचं मला ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक असायला हवं होतं त्याला नव्हतं. छापील मुखपृष्ठं लॅमिनेशन होऊन बाइंडिंगला आली तेव्हा बाइंडरकाकांनी एक हातात घेतलं, जुळवलेल्या फॉर्मच्या गठ्ठ्याला लावून पाहिलं आणि मला म्हणाले, ‘‘ताई, एक फोन केला असता तरी चाललं असतं. पट्टी रुंद करायला आर्टिस्टला पाच मिनिटं लागतात.’’

मला कुणी बोललं नाही. बोलायला कारणही नव्हतं, कारण पृष्ठसंख्या कळवणं माझ्या कामात नव्हतं. माझी प्रुफं वेळेवर गेली होती. ऑपरेटरनं पानं वेळेवर लावली होती, मुखपृष्ठ वेळेवर छापलं गेलं होतं. ज्यानं त्यानं आपापलं काम चोख केलं होतं आणि तरीही अंक बिघडला होता. हे मला फार लागलं. दिवाळीचे चार दिवस माझं लक्ष कशातच नव्हतं.

तोवर नियोजन म्हणजे वरच्या माणसाचं काम, अशी माझी समजूत होती. ज्याच्या हातात पैसा आणि अधिकार, त्यानं तारखा ठरवायच्या. आपण त्या पाळायच्या. त्या दिवाळीनंतर मी एक वही घातली. पानावर दोन रेघा मारून तीन रकाने केले. पहिल्यात, माझ्याकडे काय येतं आणि कुणाकडून. दुसऱ्यात, माझ्याकडून काय जातं आणि कुणाकडे. तिसऱ्यात, तो माणूस त्याचं काम कधी हातात घेतो. हा तिसरा रकाना मला भरताच येईना. इतकी वर्षं बरोबर काम करून माझ्या पुढचा माणूस कामाला कधी बसतो, हे मला माहीत नव्हतं.

म्हणून मी उठून त्यांच्याकडे गेले. मार्गशीर्षात छापखान्यात गर्दी नसते, लोक निवांत बोलतात. प्रत्येकाला एकच विचारलं : माझ्याकडून तुम्हाला काय हवं असतं? डीटीपी करणारा मुलगा आधी बुजला, मग म्हणाला, ‘‘ताई, फोनवर दुरुस्त्या सांगू नका. पाच आत्ता, तीन संध्याकाळी, असं नको. एकाच प्रुफावर, एकदाच द्या. आणि काना-मात्रा समासात मोठं काढून दाखवा, ओळीत कळत नाही.’’ मी बारीक, सुबक खुणा करते याचा मला अभिमान होता. त्याला त्या दिसतच नव्हत्या. जाहिरातींचं बघणाऱ्या बाईंना पानाच्या नंबरशी देणंघेणं नव्हतं; ‘उजवं पान’ म्हणून जाहिरातदाराला शब्द दिलेला असतो, तो मधे एक पान वाढलं की मोडतो, एवढंच त्यांचं गाऱ्हाणं. बाइंडरकाकांना फक्त दोन गोष्टी हव्या होत्या : पृष्ठं किती आणि कागद कुठला.

तेव्हापासून ‘काम झालं’ हे शब्द मी जपून वापरते. शेवटच्या पानावर सही केली की माझं काम झालं असं मला वाटायचं. पुढच्याला ते हातात घेऊन लगेच सुरुवात करता आली, की ते झालं. मधे त्याला एकदा जरी मला फोन करावा लागला, तरी काहीतरी माझ्याकडेच राहिलेलं असतं.

नंतर या विषयावरचं थोडं वाचलं, तेव्हा कळलं की आपण चाचपडत होतो त्या वाटेवरून पूर्वीच पुष्कळ माणसं गेली आहेत. का. र. मित्रांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला १९०९ साली. त्याच्या पुढच्या दशकात अमेरिकेत हेन्री गँट या अभियंत्यानं आडव्या पट्ट्यांचा तो प्रसिद्ध तक्ता रूढ केला : कुठलं काम कधी सुरू होतं, कधी संपतं, कुठली कामं एकाच वेळी चालतात. तसला तक्ता मीही काढला. पण आमच्या तक्त्याला एक अडचण होती. दिवाळी तारखेला येत नाही, तिथीला येते. लक्ष्मीपूजन २०२२ साली २४ ऑक्टोबरला, २०२३ साली अधिक श्रावणामुळे १२ नोव्हेंबरला, २०२४ साली १ नोव्हेंबरला. गेल्या वर्षीच्या तारखा यंदा उतरवून घेतल्या की घात झालाच.

यावर उपाय पंचांगातच सापडला. गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन हे अंतर बहुतेक वर्षी ५४-५५ दिवसांचं असतं. तेव्हा तारखांऐवजी मी तिथ्यांनी मागे मोजायला लागले. दसऱ्याला यंत्रांची पूजा असते, छपाई बंद. गणपतीत कोकणातली मुलं गावाला जातात. त्यांना अडवू नये आणि ती थांबतील असं धरूनही चालू नये. पितृपक्षात नव्या जाहिराती जवळजवळ येत नाहीत आणि घटस्थापनेपासून त्यांचा लोंढा लागतो. हे सगळं दर वर्षी असंच होतं, आणि तरी दर वर्षी आम्ही ‘अचानक’ हा शब्द वापरायचो. २०२० साली अधिक आश्विन आल्यानं ५५ दिवसांचे ८४ झाले. त्या वर्षी टाळेबंदीत छापखाना अडखळत चालला होता. तो जास्तीचा महिना नसता तर अंक निघता ना.

या तक्त्यातली सगळी कामं सारख्या वजनाची नसतात, हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. १९५७च्या सुमाराला ड्युपाँट या रसायनं बनवणाऱ्या कंपनीतल्या मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडच्या जेम्स केली यांनी कारखान्यांच्या बांधकामासाठी आणि देखभालीसाठी एक पद्धत बसवली. कामांची साखळी मांडायची आणि तिच्यातला सगळ्यात लांब धागा शोधायचा. त्या धाग्यावरचं काम एक दिवस लांबलं तर सगळंच एक दिवस लांबतं. इतर कामं थोडी मागेपुढे झाली तरी चालतं.

आमच्याकडे सगळ्यांचा जीव कशात अडकलेला असायचा? मोठ्या लेखकाच्या लेखात. त्यांचा लेख आला नाही, संपादक अस्वस्थ, फोनावर फोन. पण जरा बघा : फॉर्म कुठल्याही क्रमानं छापता येतात. त्या लेखासाठी शेवटच्या फॉर्ममध्ये बारा पृष्ठं राखून ठेवली, तर बाकीचा अंक छापून, घड्या घालून तयार होतो आणि लेख आला की तेवढाच फॉर्म यंत्रावर चढतो. लेखकाला आठ दिवस जास्त मिळतात, अंक एक दिवसही थांबत नाही. खरा लांब धागा दुसरीकडेच असतो : एकूण पृष्ठं नक्की करणं, त्यावरून पाठीचं माप, मग मुखपृष्ठाची छपाई, ती वाळणं, लॅमिनेशनची रांग, मग बाइंडिंग. लेख उशिरा आला तर चालतो, पृष्ठसंख्या उशिरा ठरून चालत नाही. हे मी संपादकांना तक्ता पुढे ठेवून दाखवलं, तेव्हा ते बराच वेळ त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे मी इतकी वर्षं चुकीच्या माणसाला फोन करत होतो.’’

मला अधिकार नव्हता, आजही नाही. संपादकांनी नवी कविता आणली तर नको म्हणणं माझ्या हातात नाही, आणि तसं म्हणावंसंही मला वाटत नाही. चांगली कविता उशिरा आली म्हणून परत पाठवणारा अंक कशाला काढायचा? मी एवढंच करते, त्याच मिनिटाला मोल सांगते. ‘‘घेऊ या. या फॉर्ममध्ये एकच पान उरलंय. कविता दोन पानांची आहे. काहीतरी एक पान बाहेर जाईल, नाहीतर सोळा पृष्ठं वाढतील आणि पाठ बदलेल.’’ निर्णय त्यांचा. पण तो डोळे उघडे ठेवून होतो.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पावसाळा संपता संपता हवेत दमटपणा असतो. छापलेल्या कागदावरची शाई वरून कोरडी वाटते, पण बोट फिरवलं की बोटाला चिकट लागते. असा कागद घाईनं घडीला घेतला की समोरच्या पानाची छाप उलटी उमटते. एका वर्षी कथेच्या पहिल्याच पानावर शेजारच्या जाहिरातीतली पैठणी फिकट उमटली होती. म्हणून छपाई आणि घडी यांच्यामध्ये मी एक दिवस रिकामा ठेवायचे. आणि दर वर्षी तो दिवस कुणीतरी उचलायचं. तक्त्यात जागा मोकळी दिसली की ज्याला त्याला ती आपलीच वाटते. मग एका वर्षी मी त्या चौकटीत ‘वाळवण’ असं लिहिलं. त्या वर्षापासून त्या दिवसाला कुणी हात लावला नाही. गच्चीवर घातलेल्या पापडांवर पाय द्यायचा नसतो, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही.

शेवटच्या आठवड्यात माणसं वाढवून काम उरकत नाही, हेही मी असंच शिकले. एकदा मदतीला म्हणून दोन नवे मुद्रितशोधक दिले. दोघंही हुशार. पण साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम, १९६२चे चौदा आणि १९७२चे चार, पाठ असून भागत नाही; आमच्या अंकात ‘करणं’ कुठे ठेवायचं, ‘करणे’ कुठे, कुठल्या लेखकाची बोली तशीच राखायची, हे सगळं त्यांना सांगण्यात माझे दोन दिवस गेले आणि त्यांनी बदललेलं परत फिरवण्यात तिसरा. फ्रेड ब्रुक्स या संगणकतज्ज्ञानं १९७५च्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं आहे : रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं. आता मी मदत मागते ती आषाढात.

हे फक्त अंकापुरतं नाही. माझी वहिनी एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची परिचारिका आहे. तिला मी वही दाखवली तेव्हा ती म्हणाली, ‘‘अगं, आमचं दुसरं काय असतं?’’ उद्याच्या शस्त्रक्रियांची यादी तिला संध्याकाळी मिळाली, तर रात्री त्या त्या अवजारांचे संच ऑटोक्लेव्हमधून काढून ठेवता येतात. सकाळी यादीतला क्रम बदलला आणि तो फक्त डॉक्टरांनाच ठाऊक असला, तर रुग्ण टेबलावर आणि संच अजून यंत्रात. तिनं कुणाची परवानगी न घेता एक पद्धत पाडली. संध्याकाळी सहाला ती स्वतः वॉर्डात फोन करते आणि विचारते, यादी हीच ना? तिच्या पदाच्या वर्णनात हा फोन कुठेही लिहिलेला नाही.

यंदाचा अंक सध्या ऐन भरात आहे. परवा तो डीटीपीवाला मुलगा (आता तो दोन मुलांचा बाप आहे, पण माझ्या लेखी मुलगाच) माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, ‘‘ताई, परिसंवाद वाढलाय. २०८ होतायत. काकांना मी कळवलंय.’’ त्यानं ते इतक्या सहज सांगितलं की मी मान हलवून पुन्हा प्रुफाकडे वळले, आणि मग काही वेळ मला त्यातलं अक्षर दिसेना.

संध्याकाळी बाइंडरकाकांचा फोन आला. आता ते थकलेत, दुकान मुलगा बघतो, पण दिवाळी अंकाचा फोन तेच करतात.

‘‘२०८ कळले,’’ ते म्हणाले. ‘‘कागद तोच ना, ताई?’’

तोच असणार, असं तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, ‘‘थांबा, बघून सांगते,’’ आणि खाली गोदामात गेले. रिमांवरचं लेबल वाचलं. सत्तरचा कागद बाजारात नव्हता म्हणून पुरवठादारानं ऐंशीचा पाठवला होता. १०४ कागद, ०.१० मिलिमीटरनं. मी जिन्यातच उभी राहून फोन लावला आणि माप सांगितलं.